मेल सर्व्हरवरचे कॅलेंडर आणि संपर्क कोडमधून वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. पायथॉनमधून आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल वाचण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) मेल वाचणारी स्क्रिप्ट नीट चालते. आता त्याच खात्यांमधल्या भेटीगाठी आणि संपर्क काढून स्वागतकक्षातल्या पडद्यावर ‘कोण केव्हा मोकळे आहे’ हे दाखवायचे आहे. आयमॅपमध्ये कॅलेंडर नावाचे फोल्डर दिसते, पण उघडले की हाताला काही लागत नाही. मग ही माहिती काढायची कुठून?

या कामासाठी आयमॅपचा नाद सोडा. आयमॅप पत्रांसाठी आहे. आलेले पत्र बदलत नाही; ते वाचले जाते, हलवले जाते, पुसले जाते, एवढेच. मीटिंगचे तसे नसते. तिची वेळ सरकते, माणसे वाढतात, दर सोमवारची असली तर मधलाच एखादा सोमवार रद्द होतो. म्हणून कॅलेंडर आणि संपर्कांसाठी सर्व्हरला वेगळे दार असते. ते कुठले, हे सर्व्हर कोणता यावर ठरते, आणि तुमच्या प्रश्नात नेमके तेच राहून गेले आहे. तेव्हा दोन्ही वाटा सांगतो.

सर्व्हर मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजचा नसेल, म्हणजे झिम्ब्रा, सोगो, नेक्स्टक्लाउड, सायरस यांपैकी काही असेल, तर कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह आणि संपर्कांसाठी कार्डडॅव्ह वापरा. दोन्ही वेबडॅव्हवर, म्हणजे वेबवरून फाइली वाचण्या-लिहिण्याच्या पद्धतीवर, उभे आहेत; मुळात ते एचटीटीपीच. कॅलडॅव्हचे मानक आरएफसी ४७९१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) हे २००७चे, कार्डडॅव्हचे आरएफसी ६३५२ हे २०११चे. सर्व्हरवर प्रत्येक कॅलेंडर म्हणजे एक फोल्डर आणि त्यातली प्रत्येक मीटिंग म्हणजे आयकॅलेंडर साच्यातली एक छोटी मजकूर-फाइल. संपर्काची फाइल व्हीकार्ड साच्यात असते.

एक्स्चेंज असेल तर कॅलडॅव्ह विसरा, त्यात ते नाही. स्वतःच्या यंत्रांवर चालवलेल्या एक्स्चेंजसाठी एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस, म्हणजे ईडब्ल्यूएस, ही वाट २००७च्या आवृत्तीपासून आहे आणि पायथॉनमध्ये तिच्यासाठी एक्स्चेंजलिब ही चांगली लायब्ररी आहे. मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असेल तर नवा कोड ईडब्ल्यूएसवर अजिबात लिहू नका. क्लाउडवरचे ईडब्ल्यूएस १ ऑक्टोबर २०२६पासून बंद करायला घेणार, हे मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले आहे. तिथे मायक्रोसॉफ्ट ग्राफ, म्हणजे क्लाउडवरची माहिती कोडमधून मागवण्याची त्यांची नवी वाट, वापरायचे. आणखी एक मोह टाळा: सर्व्हरवर आउटलुक बसवून ते कोडमधून हलवायचे. ऑफिसची ॲप्लिकेशन्स अशी माणसाविना सर्व्हरवर चालवण्याला मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही, आणि रात्री दोन वाजता एखादी खिडकी ‘ओके’ची वाट पाहत उभी राहिली की सकाळपर्यंत सगळे ठप्प.

आता कॅलडॅव्हचा पहिला तास. बहुतेक जण इथेच अडकतात, कारण ते कॅलेंडरचा पत्ता अंदाजाने कोडमध्ये लिहून ठेवतात. तसे करू नका, सर्व्हरलाच विचारत जा. पायऱ्या तीन. पहिली प्रॉपफाइंड, म्हणजे ‘याची माहिती दे’ अशी, विनंती मूळ पत्त्यावर: ‘मी कोण?’ सर्व्हर तुमच्या प्रिन्सिपलचा, म्हणजे खातेदाराच्या नोंदीचा, पत्ता देतो. दुसरी त्या पत्त्यावर: ‘माझ्या कॅलेंडरांचे घर कुठे?’ तिसरी त्या घरावर, डेप्थ १ (म्हणजे एकच पातळी आत) ठेवून: ‘आत काय काय आहे?’ जी यादी येते तिच्यात कॅलेंडरांखेरीज इनबॉक्स, आउटबॉक्स, कामांच्या याद्याही असतात. म्हणून प्रत्येकाचा प्रकार तपासा आणि ज्यात व्हीइव्हेंट, म्हणजे मीटिंगची नोंद, ठेवता येते तेवढीच कॅलेंडरे घ्या. पायथॉनची कॅलडॅव्ह नावाची लायब्ररी हे सगळे स्वतः करते. तरी एकदा हाताने करून बघा, म्हणजे पुढे लॉगमध्ये ४०४ (‘सापडले नाही’) दिसला की नेमकी कुठली पायरी निसटली ते कळते.

मग मीटिंगा मागवायच्या त्या रिपोर्ट विनंतीने, तारखांची चौकट देऊन. सगळे कॅलेंडर उतरवून घेऊन आपल्या बाजूला गाळणे हा आळस आहे. दहा वर्षांचे कॅलेंडर असले की तो महागात पडतो. चौकटीच्या दोन्ही वेळा यूटीसीमध्येच, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, द्याव्या लागतात. भारतातला १ मेचा पूर्ण दिवस हवा असेल तर ३० एप्रिलचे १८:३० ते १ मेचे १८:३० अशी चौकट.

दर पाच मिनिटांनी पडदा ताजा करायचा असेल तर दर वेळी सगळे मागवू नका. आरएफसी ६५७८ प्रमाणे सर्व्हर एक सिंक-टोकन देतो. पुढच्या वेळी ते परत दिले की तेवढ्या काळात बदललेल्या आणि पुसलेल्या नोंदीच येतात. टोकन जुने झाले की सर्व्हर ते नाकारतो. तेव्हा मुकाट्याने पहिल्यापासून सगळे आणायचे, ही वाट कोडमध्ये पहिल्या दिवसापासून असू द्या. आमच्याकडे आलेल्या एका जुन्या कोडमध्ये ती नव्हती. टोकन नाकारले गेले, चूक गिळली गेली, आणि पडदा चार दिवस शुक्रवारच्याच मीटिंगा दाखवत बसला. कोणाला संशयही आला नाही, कारण पडदा रिकामा नव्हता.

इथवरचे आठवड्याभरात जमते. खरा कस लागतो तो वेळेशी. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच, साडेपाच तासांचा फरक कायमचा. त्यामुळे आपल्या प्रोग्रामरला टाइमझोन म्हणजे एक बेरीज वाटते. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पुण्यातल्या एका गटाची लंडनच्या लोकांबरोबर दर सोमवारी मीटिंग असे: तिकडचे सकाळचे साडेनऊ, आपले दुपारचे तीन. आम्ही ती वाचली, वेळ यूटीसीत बदलली, ‘दर आठवड्याला ०९:३० यूटीसी’ अशी डेटाबेसमध्ये ठेवून दिली. सगळा हिवाळा काही बिघडले नाही. मार्चचा शेवटचा रविवार आला, ब्रिटनची घड्याळे एक तास पुढे गेली, आणि सोमवारी ती मीटिंग आपल्या दुपारी दोनला आली. आमच्या पडद्यावर ती तीनलाच होती. दोन वाजता खोली मोकळी दिसली म्हणून दुसऱ्या गटाने घेतली. लंडनचे लोक फोनवर, आपले लोक व्हरांड्यात लॅपटॉप हातात घेऊन उभे.

चूक कुठे होती? मीटिंगची मूळ नोंद ‘युरोप/लंडन या झोनमध्ये सकाळी ९:३०’ अशी होती. ती वेळ तिथल्या भिंतीवरच्या घड्याळाची आहे. पुन्हा पुन्हा होणारी मीटिंग नेहमी त्याच रूपात जपायची: स्थानिक वेळ, झोनचे नाव आणि आवर्तनाचा नियम, तिन्ही एकत्र. नियमातून तारखा आधी त्या झोनमध्येच उलगडायच्या आणि मग एकेक तारीख यूटीसीत किंवा भारतीय वेळेत आणायची. हा क्रम उलटला की वर्षातून दोनदा फजिती ठरलेली. तुमच्या संस्थेत सगळे कारभार महाराष्ट्रातलेच असतील तर हे आज टोचणार नाही. पण एखाद्याचा परदेशातला सहकारी मीटिंग पाठवतोच, आणि ती त्याच्या झोनमध्ये येते.

एक्स्चेंज आणि आउटलुककडून आलेल्या नोंदीत झोनचे नाव बहुधा ‘आशिया/कोलकाता’ असे नसते, ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ असे विंडोजचे असते. पायथॉनच्या झोनइन्फोला ते ओळखू येत नाही. युनिकोडच्या सीएलडीआर प्रकल्पात विंडोजची नावे आणि नेहमीची नावे यांचा तक्ता आहे, तो वापरा. नाव ओळखता आले नाही म्हणून गुपचूप यूटीसी धरणारा कोड मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. त्यापेक्षा चूक लॉगमध्ये ओरडू दे.

पूर्ण दिवसाच्या नोंदी हे वेगळेच प्रकरण. महाराष्ट्र दिनाची सुट्टी आयकॅलेंडरमध्ये सुरुवात २०२६०५०१, शेवट २०२६०५०२ अशी लिहिलेली असते. नुसत्या तारखा, वेळ नाही, झोन नाही. शेवटची तारीख धरायची नसते, म्हणजे ही सुट्टी एकाच दिवसाची. कोणी त्या तारखेला ‘मध्यरात्र, भारतीय वेळ’ समजून यूटीसीत नेले की ती ३० एप्रिलचे १८:३० होते. पुढे कोणी त्यातली नुसती तारीख छापली की सुट्टी गुरुवारी दिसते आणि शुक्रवारी कार्यालय चालू. तारीख ही तारीख म्हणूनच ठेवा, डेटाबेसमध्येही वेगळ्या रकान्यात.

आवर्तनाबद्दल अजून एक. दर सोमवारच्या मीटिंगमधली एकच मीटिंग मंगळवारी ढकलली तर नवी फाइल होत नाही. त्याच फाइलमध्ये, त्याच यूआयडीखाली (नोंदीच्या कायमच्या ओळखीखाली) दुसरा व्हीइव्हेंट येतो आणि त्यावर रिकरन्स-आयडी म्हणून मूळ सोमवारची वेळ असते. रद्द केलेला सोमवार एक्सडेटमध्ये जातो. तुम्ही फक्त पहिला व्हीइव्हेंट वाचलात तर ढकललेली मीटिंग जुन्याच जागी दिसेल. हे उलगडण्याचा कोड स्वतः लिहू नका. पायथॉनमध्ये आयकॅलेंडर आणि रिकरिंग-आयकॅल-इव्हेंट्स, जावात आयकॅलफोरजे, पीएचपीत साबर/व्हीऑब्जेक्ट या वर्षानुवर्षे घासून निघालेल्या लायब्रऱ्या आहेत. एक्स्चेंजमध्ये याच चुकीचे रूप वेगळे: ईडब्ल्यूएसच्या फाइंडआयटम या शोध-विनंतीत कॅलेंडरव्ह्यू, म्हणजे तारखांची चौकट, दिला नाही तर मालिकेची एकच मूळ नोंद येते, प्रत्येक आठवड्याच्या नोंदी येत नाहीत. ग्राफमध्येही ‘इव्हेंट्स’ आणि ‘कॅलेंडरव्ह्यू’ असे दोन पत्ते आहेत. तुमच्या पडद्याला कॅलेंडरव्ह्यूच हवा. ईडब्ल्यूएसमध्ये त्याची चौकट दोन वर्षांपेक्षा मोठी चालत नाही, आणि त्याहून मोठी मागायची वेळही सहसा येत नाही.

आता मराठीचा म्हणून एक प्रश्न, ज्यावर इंग्रजी ट्युटोरियलांत तुम्हाला काही सापडणार नाही. आयकॅलेंडरमध्ये एक ओळ ७५ बाइटांपेक्षा लांब नसावी, लांब झाली तर मोडून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा द्यावी, असा नियम आहे. बाइट, अक्षरे नव्हेत. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेते. विषयाच्या रकान्याचे नाव ‘SUMMARY’ (समरी) हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढचे अपूर्णविरामचिन्ह (:) मिळून ८ बाइट. पुढे ‘वार्षिक सर्वसाधारण सभा २०२६’ लिहिलेत तर सभेपर्यंत ७० बाइट होतात, मोकळी जागा धरून ७१, ‘२’ संपताना ७४. पंचाहत्तरावा बाइट म्हणजे पुढच्या शून्याचा पहिला तुकडा. जो सर्व्हर किंवा फोन नुसते बाइट मोजून ओळ मोडतो, तो त्या शून्याला मधोमध चिरतो. तुमच्या कोडने आधी एकेक ओळ यूटीएफ-८ म्हणून वाचली आणि मग जोडली, तर वर्षाच्या जागी प्रश्नचिन्हांचे चौकोन दिसतात. आधी बाइट स्वरूपातच ओळी जोडा, त्यानंतर यूटीएफ-८ म्हणून वाचा. मानकातही ही शक्यता नमूद केलेली आहे. सर्व्हर ‘मराठी सपोर्ट करत नाही’ अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी फक्त हा क्रम चुकलेला होता.

संपर्कांमध्येही आपली नावे साच्यात नीट बसवावी लागतात. व्हीकार्डमध्ये नाव दोन ठिकाणी असते. एफएन म्हणजे पूर्ण नाव, जसे दाखवायचे तसे, आणि ते सक्तीचे आहे. एन म्हणजे तुकडे: आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग मधले नाव, मग पुढची उपाधी, मग मागची. आपल्या वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव तिसऱ्या तुकड्यात जाते. पण लोक फोनवर ‘नळवाले काका’, ‘बँक मॅनेजर सातारा’ असे जतन करतात, तिथे एन रिकामाच असतो किंवा सगळे एकाच तुकड्यात कोंबलेले असते. दाखवायला एफएन घ्या, लावायला एन असेल तर एन घ्या, आणि एफएनचे शब्द तोडून आडनाव शोधण्याचा खटाटोप करू नका. ‘बँक मॅनेजर सातारा’ यांचे आडनाव सातारा नसते.

फोन नंबरांचे असे की एकच नंबर +९१ लावून, ० लावून, मधे मोकळी जागा सोडून, अशा तीन तऱ्हांनी तीन खात्यांत सापडेल. जुळवणीसाठी फक्त अंक घेऊन +९१च्या एकाच रूपात वेगळी प्रत ठेवा. मूळ मात्र जसे लिहिले तसे राहू द्या. संपर्क म्हणून नेमके काय हवे तेही ठरवा. प्रत्येकाचे खासगी संपर्क वेगळे आणि संस्थेची डिरेक्टरी वेगळी. कर्मचाऱ्यांची विस्तार-क्रमांकांची (एक्स्टेन्शनची) यादी हवी असेल तर ती बहुधा एलडॅपमध्ये, म्हणजे संस्थेच्या डिरेक्टरी-सर्व्हरवर, आहे, कार्डडॅव्हला हात लावायची गरज नाही. ईडब्ल्यूएसमधून डिरेक्टरी शोधायची तर रिझॉल्व्हनेम्स आहे, पण ते एका वेळी १००च नावे देते, त्यामुळे पूर्ण यादी उतरवायला ते कामाचे नाही.

यावरून तुमच्या मूळ गरजेकडे येतो. पडद्यावर ‘मोकळे’ की ‘व्यग्र’ एवढेच दाखवायचे आहे ना? मग मीटिंगांचे विषय वाचूच नका. कॅलडॅव्हमध्ये फ्री-बिझी-क्वेरी नावाचा वेगळा रिपोर्ट आहे. त्याच्या उत्तरात व्यग्र वेळांचे तुकडे येतात, विषय नाही, माणसे नाहीत, जागा नाही. परवानगीही तेवढीच मागता येते: मानकात रीड-फ्री-बिझी असा वेगळा अधिकार आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सांगून तुमच्या स्क्रिप्टच्या खात्याला प्रत्येक कॅलेंडरवर तेवढाच अधिकार घ्या. ईडब्ल्यूएसमध्ये गेटयूझरअव्हेलेबिलिटी आणि ग्राफमध्ये गेटशेड्यूल हेच काम करतात. एखाद्या सर्व्हरला फ्री-बिझी जमत नसेल तर मीटिंगा वाचा, पण वेळ, स्थिती आणि ‘ट्रान्सप’ (ही नोंद माणसाची वेळ अडवते की नाही) एवढेच रकाने घेऊन बाकीचे मेमरीतच टाकून द्या. ट्रान्सप ‘ट्रान्सपरंट’ असेल किंवा स्थिती रद्द असेल तर तो माणूस मोकळा आहे.

याचा आग्रह मी धरतो, कारण मी कॅलेंडरे आतून पाहिली आहेत. त्यात डॉक्टरांच्या तारखा असतात, कोर्टाच्या तारखा असतात, दुसरीकडच्या मुलाखतीही असतात. संपर्कांची माहिती तर ज्या माणसांनी तुमच्या संस्थेला कधी होकारही दिला नाही त्यांची असते. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी स्वागतकक्षात बसलेल्या पाहुण्याला साहेबांची बायोप्सी कधी आहे हे दिसता कामा नये. ग्राफवर ॲप्लिकेशन म्हणून ‘कॅलेंडर्स रीड’ घेतलेत तर ती परवानगी मुळात सगळ्या खात्यांवर लागू होते. ती ठरावीक खात्यांपुरती आवळण्याची सोय एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये आहे, ती वापरल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि तीनशे जणांचे पासवर्ड एका एक्सेल फाइलमध्ये गोळा करून स्क्रिप्टला देणे, हे तर कधीच नाही.

उद्या पडद्यावरून खोली आरक्षित करायचीही मागणी येईल, म्हणून लिहिण्याबद्दल सांगून ठेवतो. प्रत्येक नोंदीला ईटॅग असतो, म्हणजे तिच्या त्या वेळच्या रूपाची खूण. बदल करताना पुट (म्हणजे लिहिण्याच्या) विनंतीबरोबर इफ-मॅच या शीर्षओळीत तो ईटॅग पाठवा. दरम्यान कोणी फोनवरून तीच मीटिंग हलवली असेल तर सर्व्हर ४१२, म्हणजे ‘अट जुळली नाही’ हे उत्तर, देतो. तेव्हा पुन्हा वाचा, आपला बदल त्यावर करा, पुन्हा पाठवा. नवी नोंद घालताना इफ-नन-मॅचमध्ये तारा (*) द्या, म्हणजे चुकून कोणाची नोंद पुसली जाणार नाही. आणि जी फाइल वाचली तिच्यातले तुम्हाला न समजलेले रकाने जसेच्या तसे परत लिहा; एक्सने सुरू होणारे ते रकाने दुसऱ्या कोणाच्या तरी ॲपला हवे असतात.

सगळ्यात जपून करायचे ते पुसणे. बऱ्याच सर्व्हरांमध्ये आरएफसी ६६३८ प्रमाणे निमंत्रणे सर्व्हर स्वतः पाठवतो. आयोजकाच्या कॅलेंडरमधून मीटिंग डिलीट झाली की सर्व्हर प्रत्येक निमंत्रिताला ‘रद्द’ची मेल पाठवतो. एका ग्राहकाकडे चाचणी संपल्यावर मी घातलेल्या नोंदी साफ करणारी स्क्रिप्ट चालवली. नोंदी ओळखायची खूण मी विषयातल्या ‘टेस्ट’ या शब्दावर ठेवली होती. तिथल्या गुणवत्ता विभागाच्या खऱ्या मीटिंगांच्या विषयातही ‘टेस्ट’ होतेच. दहा मिनिटांत कारखान्यातल्या लोकांच्या फोनवर पुढच्या तीन महिन्यांच्या मीटिंगा रद्द झाल्याच्या मेल गेल्या, आणि त्यातल्या काहींनी तेवढ्यात परगावची तिकिटेही रद्द केली. बॅकअपमधून नोंदी परत आल्या, गेलेल्या मेल परत येत नाहीत. त्या दिवसापासून माझी स्क्रिप्ट स्वतः घातलेल्या नोंदींचे यूआयडी एका फाइलीत लिहून ठेवते आणि त्या यादीत नसलेल्या कशालाही हात लावत नाही. ईडब्ल्यूएसवर पुसताना सेंडमीटिंगकॅन्सलेशन्स हा पर्याय ‘सेंडटूनन’ ठेवता येतो. कॅलडॅव्हवर पुसताना सर्व्हर कोणाला काय पाठवतो हे दोनच माणसे असलेल्या मीटिंगवर आधी बघा, आणि ती दोन्ही खाती तुमचीच असू द्या.